सोनाराचा केर

"वैजू, केर उडवू नकोस."

तात्यांनी हे मागून म्हटलं तेव्हा माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता आणि रघुनाथशेठच्या पेढीवरचा कॉम्प्युटर माझ्यापुढे सतरंजीवर आडवा निजला होता. मी वळून पाहिलं नाही. नुसतं "हं" म्हटलं.

नवरात्रातली अष्टमी होती. दुपारचे तीन वाजले असतील. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, मग दसरा, हत्यारांच्या पूजेचे दिवस. म्हणून पेढीचं शटर अर्धं खाली ओढून साफसफाई चालली होती. शेटजी काउंटरमागच्या आपल्या गादीवर बसून जुन्या तराजूची पारडी पुसत होते. तात्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे होते. ती आतली खोली म्हणजे माझ्या वडिलांचं राज्य. तिथं त्यांची ऐरण, त्यांची बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी, सांडस, फुंकणी, आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या कानशी. एकतीस वर्षं ते त्या खोलीत मांडी घालून बसत आले होते. बाहेर तराजू आणि कसोटीचा दगड, आत विस्तव आणि कानस, अशी थोरल्या शेटजींच्या वेळेपासूनची वाटणी होती. कानस उंबऱ्याबाहेर जायची नाही, हा त्या पेढीचा कायदाच होता. कीस पडेल तो एकाच खोलीत पडावा, म्हणून.

कारण सोनाराच्या घरचा केर हा केर नसतो. तात्या काम संपवून उठले की आधी हात धुवायचे ते घंगाळातच. ते पाणी सांडायचं नाही. धोतर झटकायचं ते बसल्या जागी. बसायचा पट्टा जुना झाला की तो जाळायचा आणि राख जपून ठेवायची. दसऱ्याच्या आधी खोली झाडून निघालेला सगळा केर पोत्यात भरून ठेवायचा. मग झारेकरी यायचे, तो केर घेऊन जायचे, पाण्यात घोळून घोळून त्यातला सोन्याचा कण वेगळा काढायचे. आमच्या आईला लग्न होऊन आल्यावर पहिली गोष्ट शिकवली होती ती झाडू कसा धरायचा ही. भाकरी थापताना ती गुणगुणायची:

सोनार दादाच्या दारी, केर काढावा वाकून
कण सोन्याचा बाई, पदराखाली ठेवावा झाकून

म्हणून तात्या "केर उडवू नकोस" म्हणाले, तेव्हा मला त्यात नवं काही वाटलं नाही. चुलीपाशी कुणी "हात भाजेल" म्हणावं, तसंच ते.

मी तेवीस वर्षांची होते. सांगलीला राहून कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करून नुकतीच विट्याला परतले होते. गावात तेव्हा कॉम्प्युटर मोजके, आणि ते उघडणारी मुलगी एकटी मी. पतसंस्थेत पहिल्यांदा एक कॉम्प्युटर उघडला तर गारुड्याच्या टोपलीभोवती जमावी तशी माणसं जमली होती. शेटजींचा कॉम्प्युटर महिनाभर आजारी होता. पंधरा मिनिटं चालायचा, मग आतला पंखा घुरघुरायला लागायचा, आणि मग आपोआप सगळं बंद. मला ऐकूनच कळलं होतं की आत धूळ साचून पंखा जड झालाय आणि मशीन तापतंय. काम साधं होतं. पण ते तात्यांच्या पेढीवरचं होतं, आणि त्या दिवसांत आमच्या घराला मान वर करायला काहीतरी निमित्त हवं होतं.

कारण होतं जानकाबाईंचा गोठ.

जानकाबाई शेजारच्या गावच्या. घरात सोनं थोडं, पण सासूनं दिलेला मनगटातला एक भरीव गोठ होता. त्याचा सांधा उकलला होता. त्यांनी तो झाळून घ्यायला पेढीवर दिला. त्यांचा भाचा गलाईच्या धंद्यात, तिकडं दूर मद्रास मुलखात सोनं आटवायचा. तो सुट्टीला आला होता आणि त्यानं सहज, हौसेनं, देण्याआधी गोठाचं वजन करून ठेवलं होतं. पेढीवर शेटजी म्हणाले, घरच्या माणसाचं कसलं वजन करायचं, आणि गोठ ठेवून घेतला, मग आत पाठवला. तात्यांनी सांधा झाळला, उजळून बाहेर दिला. घरी नेऊन भाच्यानं पुन्हा वजन केलं तर सात गुंजा कमी.

जानकाबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पेढीच्या पायरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "शेटजी, सासूचा गोठ हाय हो माझ्या. त्यो बारीक कसा झाला?" आणि शेटजींनी मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं.

एवढंच. एवढं बघणं गावाला पुरलं. सोनार आईच्या नथीतलंही खरवडतो, ही म्हण तर लोकांच्या जिभेवर तयारच असते. आई मंडईत गेली तर भाजीवाली म्हणायची, महामुनी वहिनी, माझा तराजू बघून घ्या हां, तुमच्याकडचा नव्हं. हसून म्हणायची. आईनं मंडईत जाणं सोडलं.

शेटजींनी तात्यांना मुदत दिली होती. दसऱ्यापर्यंत आठवून काय ते सांगा, म्हणाले. नाहीतर दसऱ्याला हत्यारं घरीच पुजा.

तात्या घरी एकदाच बोलले. "मी घेतलं नाही." आई म्हणाली, मग कुणी घेतलं ते सांगा की. तात्यांनी भाकरीचा तुकडा ताटातल्या मिठाला लावला. मग म्हणाले, "हे मीठ कुणाचंय?" आणि जेवायला लागले. आईला वाटलं, भ्रमिष्टासारखं बोलतायत.

तर अशी ती अष्टमीची दुपार.

मी आधीच प्लग भिंतीतून काढला होता. मग कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं. आत राहिलेली उरलीसुरली वीज त्यानं निघून जाते. मग लोखंडी सांगाड्याला हात लावला, अंगातली वीज उतरवायला. शेटजी कौतुकानं बघत होते, आणि मलाही ते बघतायत म्हणून सगळं जरा मोठ्यानं सांगत करायची हौस आली होती. रेशमी कापड लावायचं नाही, ओलं फडकं लावायचं नाही, आतल्या कुठल्या सर्किटच्या पट्टीला बोट लावायचं नाही. शेटजी म्हणाले, "हे तर तुझ्या आईच्या सोवळ्यासारखं झालं गं."

आतल्या खोलीतून खडखड आवाज झाला आणि तात्या बाहेर आले. त्यांच्या एका हातात पितळी परात होती, दुसऱ्या हातात वाळाकुंची. वाळ्याच्या मुळ्यांची ती त्यांची बारकी कुंची, दागिना साफ करायची. तिच्या केसांची टोकं झिजून गोल झाली होती. ती ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मलासुद्धा लहानपणी एकदाच मिळाली होती, बाहुलीचे केस विंचरायला, आणि त्याबद्दल आईची बोलणी खाल्ली होती.

त्यांनी परात माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, इथंच बस. घाई करू नको. वरून सुरुवात कर, एकेक कोपरा हळू झाड आणि सगळं परातीत घे.

मी म्हटलं, "तात्या, असं नसतं. बंद खोलीत झाडलं की तीच धूळ परत मशीनमध्ये जाते. मोकळ्यावर न्यायचं आणि ब्लोअरनं उडवायचं. आणि ही कुंची कोरडी आहे. घासली की वीज धरते, पट्टी जळेल."

"मग फुंकणी देतो. लांबून फुंक."

"तोंडाची वाफ बसते त्याच्यावर."

"अगं एकतीस वर्षं तोंडाच्या वाफेवर तर पोट भरलं तुमचं." ते हसले नाहीत. असं बोलताना ते एरवी हसायचे. "मी सांगतो ते ऐक एवढं. परातीत घे."

तेवढ्यात शेटजींनी पारडं खाली ठेवलं आणि खाकरले. "तात्या, आता तुम्हाला कॉम्प्युटरातसुद्धा सोनं दिसायला लागलं का?"

हे त्यांनी अगदी मऊ आवाजात म्हटलं. शेजारचा कापडवाला शटरखालून वाकून काहीतरी मागायला आला होता, तो हसला. मी बघितलं की तो हसला. आणि माझ्या कानशिलापासून गळ्यापर्यंत सगळं तापलं. ज्या माणसावर सात गुंजांचा आळ आहे, तो माणूस हातात परात घेऊन शेटजींच्या मशीनमधला केर मागतोय. चार लोकांत. खालच्या मानेनं. मला वाटलं, ही परात कुठंतरी पुरून टाकावी.

मी हळूच म्हटलं. पण पेढी लहान, सगळ्यांना ऐकू गेलं.

"तात्या, निदान आज तरी शोभतं का हे?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॉम्प्युटरकडे. मग वाकून परात उचलली.

"बरं," म्हणाले.

शेटजी म्हणाले, मागं अंगणातच ने पोरी, इथं पूजेची जागा धुऊन घेतलीय. मी कॉम्प्युटर उचलला. जड होता, पण मी कुणाला हात लावू दिला नाही.

मागं शेवग्याचं झाड होतं, त्याच्या बाजूला धुण्याचा दगड. त्या दगडावर पोतं टाकून मी कॉम्प्युटर ठेवला आणि बाजूचं झाकण काढलं. आत बाळाच्या जावळासारखी मऊ करडी धूळ. पंख्याच्या पात्यांना तिचे गोंडे लागले होते, जाळ्या तिनं बुजल्या होत्या. वरच्या बाजूला, जिथं हवा जायला भोकं असतात, तिथून तळापर्यंत त्या धुळीत बारीक बारीक काहीतरी चमकत होतं. झाळकामाचे कण असतील, मला वाटलं. मशीन बनवताना झाळलेलं असतं, त्यातलं काही सुटलं असेल. असे सुटे कण पट्टीवर पडणं वाईट, हे मला माहीत होतं. मी आणखीच मन लावून काम करायचं ठरवलं.

करंगळीनं पंखा धरून ठेवला. तो वाऱ्यानं गरगरला तर त्याचंच नुकसान होतं. दुसऱ्या हातानं ब्लोअर सुरू केला. एकदम करडा लोट उठला. पश्चिमेचं ऊन तिरकं येत होतं, त्यात तो लोट एक क्षण झगमगला. देवळात आरतीच्या वेळी धुरात दिवे लागल्यासारखा. मला फार छान वाटलं. मी प्रत्येक कोपऱ्यात नळी घातली, वरची भोकं, खालचा तळ, कडा, जाळ्या. वारा गावाबाहेरच्या बाजूला वाहत होता. सगळं कुंपणावरून पलीकडे गेलं, पलीकडच्या रानगवतात.

मान वर केली तर मागच्या दारात तात्या उभे होते. परात अजून त्यांच्या हातात होती, रिकामी. ते माझ्याकडे बघत नव्हते. धूळ गेली त्या दिशेला बघत होते.

मशीन सुरू झालं. पंखा भुंग्यासारखा एकसुरी गुणगुणायला लागला. अर्धा तास झाला, तास झाला, बंद पडेना. शेटजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "तात्या, लेक हुशार निघाली हो. तुमचं नाव काढील."

आत परात भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला.

घरी परतताना आम्ही दोघं चालत आलो. वाटेत त्यांनी एकच विचारलं.

"सगळं उडवलंस?"

"सगळं," मी म्हटलं. मला वाटलं, माझ्या कामाची चौकशी करतायत. "एक कण ठेवला नाही."

"काम करावं ते असं," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले. घंगाळात नाही. मोरीत, वाहत्या पाण्यात धुतले, आणि पाणी गेलं तसं जाऊ दिलं. आई बघतच राहिली.

दसऱ्याच्या सकाळी ते पेढीवर गेले आणि तासाभरात हत्यारांची पेटी घेऊन परत आले. ऐरण मागाहून हातगाडीवर आली. आईनं पाटावर हत्यारं मांडली, हळदकुंकू वाहिलं. तात्या समोर बसून होते, पण त्यांनी एकाही हत्याराला हात लावला नाही. संध्याकाळी गल्लीत माणसं आपट्याची पानं घेऊन या घरातून त्या घरात जात होती. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. आई दिवा लावून दारात उभी राहिली. आमच्या घरी त्या वर्षी सोनं द्यायला कुणी आलं नाही. सोनाराच्या घरी, दसऱ्याला.

दुसऱ्या पेढीनं त्यांना ठेवलं नाही. एकदा नाव गेलेला कारागीर कोण ठेवील? पेटी माळ्यावर गेली, ऐरण परसात, आणि तात्या ओट्यावर. मी कमवत होते, घर चाललं. गावात माझं नाव झालं. मशीन बंद पडलं की महामुनींच्या वैजूला बोलवा. तात्यांचं नाव काढलंच की मी.

आठ वर्षं गेली.

रघुनाथशेठ हृदयविकारानं गेले. त्यांच्या मुलानं पेढीची काच आणि दिवे लावून नवी दुकानदारी थाटली आणि जुनं सगळं भंगारात काढलं. एक माणूस सामान घेऊन माझ्या दुकानी आला, म्हणाला, ताई, यातलं काही कामाचं असेल तर काढून घ्या. त्यात तो कॉम्प्युटर होता. मी ओळखला. झाकणाच्या एका स्क्रूची खोबण मीच घाईत बिघडवली होती.

उघडला. सुट्या भागांसाठी आतली मोठी पट्टी काढायला घेतली. ही पट्टी मागच्या लोखंडी पत्र्याला टेकत नाही. चार-सहा पितळी खुंट्यांवर बोटभर अंतर ठेवून बसवलेली असते. त्या फटीत ब्लोअरचा वारा जात नाही. मी पट्टी उचलली आणि पत्र्यावर, एका कडेला, धुळीच्या गाठीत अडकलेली पिवळी रेघ दिसली.

पितळी खुंट्यांचा चुरा असेल, म्हटलं. कागदावर घेतला. उन्हात नेला. पितळ मी रोज बघत होते. ते आठ वर्षांत काळवंडतं. हे काळवंडलं नव्हतं. मी सोनाराची मुलगी आहे. मला कळलं.

आणि मग एकेक करून सगळं कळलं. मशीन कुठं उभं असायचं ते आठवलं. काउंटरच्या फळीखाली, शेटजींच्या गादीच्या अगदी डाव्या हाताला. फळ्यांमध्ये फट होती. कानस उंबऱ्याबाहेर जायची नाही, हा पेढीचा कायदा होता. आणि उन्हात एक क्षण झगमगलेला तो लोट. मी हातातला कागद खाली ठेवला आणि काचेच्या पेल्यानं झाकला, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून.

तात्या ओट्यावर बसले होते. नजर अधू झाली होती. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बोटाचं टोक ओलं करून एक कण उचलला, अंगठ्यावर चोळला, डोळ्यांजवळ नेला.

"कुठं सापडलं?"

मी सांगितलं.

"गोल कानशीचा कीस आहे," ते म्हणाले. "गोठाला आतून लावलेल्या कानशीचा. गोठ माझ्या हातात आला तेव्हाच दिसलं होतं मला. आतली कड ताजी घासलेली. तेव्हाच ओरडायला हवं होतं." त्यांनी कण परत कागदावर झटकला. "पेढीचं मीठ आठवलं. म्हटलं, हातात काही असल्याशिवाय शेटजींवर बोट कसं दाखवायचं. मग विचार केला, मांडीवर कागद घेऊन घासत असतील, तरी सगळं कुठं कागदावर पडतंय. कीस पडतो तिथली साक्ष देतो. फळीखाली ते मशीन. वरून भोकं पडलेलं, आणि आत ओढून घेणारं. म्हटलं, आपली लेकच उघडणार आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"ते समोर बसले होते."

"घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर काय सांगायचं होतं? केर गेला होता." त्यांनी कागदाच्या घड्या घालायला सुरुवात केली, पूर्वी घालायचे तशा, कोपऱ्यात कोपरा अडकवून. "आणि तुझं पहिलं काम होतं ते. मशीन चालू झालं होतं."

त्यांनी पुडी माझ्या हातात दिली. म्हणाले, चिमूटभरच आहे, पण जानकाबाईंचं आहे. नेऊन दे. त्यांना एकदा सांग.

दसरा चार दिवसांवर होता. मी मुद्दाम थांबले. म्हटलं, दसऱ्याला सोनं द्यायला म्हणूनच जावं. पुडीबरोबर आपट्याची पानं घेतली आणि गेले.

जानकाबाई खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मनगट काडीसारखं झालं होतं आणि त्यात तो गोठ कोपरापर्यंत वर सरकत होता. सूनबाईंनी पाणी आणलं. मी नाव सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मी पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती सोडली. खूप वेळ बघितलं. मग पुन्हा मिटून कपाळाला लावली.

"दिलंच म्हणायचं शेवटी तात्यानं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही आजी, तसं नाही. मग मी सगळं सांगितलं. फळीची फट, वरची भोकं, पंखा, कानस, शेटजींची गादी. मी भरभर सांगत होते. मशीन कसं असतं, पट्टीमागं अंतर कसं असतं, वारा तिथं का पोचत नाही. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. पकडलेल्या माणसाच्या बाजूनं बोलताना येतो तसा. सूनबाईंनी पदर तोंडाला लावला होता. जानकाबाई मायेनं मान हलवत होत्या.

"शेटजी गेलं बिचारं," त्या म्हणाल्या. "मेल्या माणसावर कशाला घालायचं लेकी? तू लेक हायस, तू बापाचंच म्हणणार. म्या रागावलेली न्हाई. तात्याला म्हणावं, परत पाठवलं, देवानं बघितलं. म्या माफ केलं."

आणि माझ्या हातात आपट्याचं पान ठेवून म्हणाल्या, "सोनं घे. सोन्यासारखी ऱ्हा."

मी परत आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. तात्या ओट्यावरच होते. धुतलेला सदरा आणि टोपी घालून बसले होते. आठ वर्षांत त्यांना टोपी घातलेलं पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाल्या?"

मी चप्पल काढत राहिले. एक काढली, दुसरी काढली.

"म्हणाल्या, तात्यांवर आळ आला, चूक झाली आमची."

"कीस बघितला त्यांनी?"

"उघडून बघितला."

"मग कळलंच असेल," तात्या म्हणाले. "सोनं ओळखणारी बाई आहे ती."

ते उठले. भिंतीला धरत आत गेले आणि मला माळ्यावरची पेटी काढायला लावली. ओट्यावर बसून त्यांनी ती उघडली, वाळाकुंची बाहेर घेतली आणि परसातून ऐरण आणायला सांगितली. मी आणली. तिच्यावर आठ वर्षांची धूळ होती, कोंबड्यांची विष्ठा होती, शेवाळ होतं. तात्या वाकले आणि एकेक कोपरा हळूहळू झाडायला लागले, मन लावून, ओठ मिटून.

त्या केरात काहीसुद्धा नव्हतं. मी आत गेले आणि परात आणून खाली धरली.